नऊ फुटांचं फाटक

प्रिय गुंडे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, घर उभं आहे, आणि मला कुणाकडून काही नको आहे. पत्र लिहायची सवय गेली. हा तिसरा कागद आहे, पहिले दोन फाडले. दोन रविवार झाले, तुझा फोन नाही. मी केला की 'कामात आहे, नंतर करते' असा मेसेज येतो आणि ते 'नंतर' काही येत नाही. मी काहीतरी चुकीचं बोललो असणार, किंवा बोलायचं ते बोललो नसणार. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांत टाका कुठे सुटला ते नुसत्या बोटाने शोधलं, पण इथे मला काही सापडेना. शेवटच्या फोनवर आपण कुंपणाबद्दल बोललो होतो, म्हणून कुंपणापासूनच सुरुवात करतो. तू वैतागशील, 'बाबा, मुद्द्यावर या' म्हणशील. येतो. पण मला सरळ येता येत नाही, तुला माहीत आहे.

वादळ आलं ते दुपारी तीनच्या सुमारास. वीस मिनिटं असेल नसेल. मी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसलो होतो. आवाज थांबल्यावर दार उघडलं, तर पुढचं अख्खं कुंपण रस्त्यावर आडवं. मागच्या शेडचा पत्रा शेजारच्यांच्या टाकीवर, लिंबाची मोठी फांदी माझ्या सायकलवर, आणि अंगणात कुणाचीतरी बादली, जी अजूनही कुणाची ते कळलेलं नाही. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार म्हणतात. मी पायरीवर बसून खरंच तो हिशेब करत होतो की आधी काय शिवायचं. रस्त्यावरून जाणारा येणारा थेट आपल्या घरात बघत होता आणि मला उगाच लाज वाटत होती, सदरा न घालता बाहेर आल्यासारखी.

गावातले सगळे कामवाले लोकांच्या छपरांवर चढलेले. मग काटकोनकाका आला. तुला आठवतो ना, माझा शाळेपासूनचा मित्र, सुतार, जो आपल्या घरी जेवायला बसला तरी आधी टेबल हलवून बघायचा? त्याची कंबर आता कामातून गेलीय. तो म्हणाला, "मी खुर्चीत बसून सांगतो, तू कर." तसाच सौदा झाला. रोज सकाळी तो लिंबाखाली खुर्ची टाकून बसतो, चहा पितो आणि मला शिव्या घालतो. पहिल्याच दिवशी त्याने पडलेला एक खांब पायाने उलटा केला. वरून हिरवा रंग चकचकीत, दरवर्षी मीच देतो. पण जमिनीत जिथे जातो तिथे लाकूड भिजवलेल्या पोळीसारखं मऊ. "वरून रंग मारत राहिलास," म्हणाला, "खाली वाकून एकदा पाहिलं नाहीस." मी म्हटलं, बाहेरून तर छान दिसत होतं. त्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि दुसराही खांब पायाने उलटा केला.

तुझा पहिला फोन त्याच संध्याकाळी आला. सगळ्यांनी विचारलं, छप्पर गेलं का, तुम्हाला लागलं का. तूही विचारलंस, पण त्याआधी विचारलंस, "माझ्या खोलीत पाणी आलं का?" मी म्हटलं, एक थेंब नाही. वर मोठ्या अभिमानाने सांगितलं की घरातली सगळ्यात कोरडी खोली तीच, म्हणून सिमेंटची पोती मी तिथेच रचणार आहे. तू म्हणालीस, "पलंगावर?" मी म्हटलं, मग कुठे, सिमेंटला ओल चालत नाही. तू हसलीस. मला तरी वाटलं की हसलीस.

दुसऱ्या रविवारी तू विचारलंस की पोती कधी हलणार, खोलीचं दार लागतं का, कपाटात काय भरलंय. मला वाटलं पोरगी वादळाची चौकशी करतेय, किती बारीक लक्ष! मी तुला खड्ड्यांची माहिती दिली. खड्डा हातभर खोल, तळाला खडी, म्हणजे पाणी झिरपून जातं. वर सिमेंटला बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे खांबाच्या पायाशी पाणी साचत नाही. दोन दिवस खांबाला हात लावायचा नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मधेच म्हणालीस, तुझ्याकडचं आईचं शिलाई मशीन लांब न्यायचं तर काय काळजी घ्यावी लागते. गुंडे, मला इतका आनंद झाला! कित्येक वर्षांत माझ्या धंद्यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. मी अर्धा तास बोललो. हेड वेगळं काढायचं, सुई आणि बॉबिन काढून ठेवायची, पट्टा सैल करायचा, पायाच्या चौकटीला गोधडी गुंडाळायची, आडवं कधीच ठेवायचं नाही. शेवटी म्हटलं, कुणाला देतेयस की काय? तू म्हणालीस, "नाही हो, सहज." मी जावयांना फोन द्यायला सांगितलं. ते बाहेर गेले होते. त्याच्या आदल्या वेळीही ते बाहेरच होते. मी म्हटलं, कामाचा माणूस.

आणि मग तुझं खोकं आलं. चांगलं दणकट, चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर तुझ्या अक्षरात 'बाबा, उघडू नका, मी आल्यावर बघते.' मी पार बुचकळ्यात पडलो. काटकोनला म्हटलं, वादळात नुकसान झालं म्हणून पोरीने काहीतरी पाठवलंय, गंमत करायची असेल तिला. त्याने विचारलं, काय असेल? मी म्हटलं, ताडपत्री असेल, नाहीतर टॉर्च. त्याने खोकं हलवून बघितलं, आतून काहीतरी खुळखुळलं. "खिळे दिसतायत," तो म्हणाला. आम्ही दोघे म्हातारे, शंभर सव्वाशे वर्षांची अक्कल एकत्र करून, ते खिळे आहेत या निर्णयावर आलो.

आता माझी फजिती ऐक. समोरची बाजू चाळीस फूट. त्यातून ये-जा करायच्या लहान फाटकाचे तीन गेले. उरलेल्या सदतीस फुटांना चार इंची फळ्या लागतात एकशे अकरा. हिशेब मी माझ्या टेपने केला आणि तो बरोबर होता. आधी सगळ्या फळ्या सुतळीने आडव्या पट्ट्यांना सैलसर बांधून पाहिल्या. काटकोन खुर्चीतून ओरडला, हे काय? मी म्हटलं, कच्ची शिलाई, अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की करत नाहीत. त्याने कपाळावर हात मारला. मग त्याला कंबरेसाठी दवाखान्यात जावं लागलं आणि तो चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत मी खिळे ठोकले. आणि ठोकताना माझ्या हाताने काय केलं, तर प्रत्येक फळीची कड पुढच्या फळीखाली इंचभर घेतली. शर्टाची काजपट्टी बटणपट्टीवर बसते ना, तशी. उघडी कड माझ्या डोळ्यांना सहनच होत नाही. घट्ट, सुबक, आरपार काही दिसणार नाही असं कुंपण. इतका खूश होतो की शेवटची फळी ठोकून मागे सरकलो तेव्हा कळलं, कुंपण संपलंय आणि फाटकाच्या खांबापर्यंत अजून नऊ फूट उघडंच आहे.

काटकोन परत आला तेव्हा मी त्या भगदाडात उभा होतो. मला वाटलं फळ्या कमी पडल्या म्हणून बोलेल. तो बोलला दुसऱ्याच गोष्टीवर. "अरे शहाण्या, हे कुंपण आहे की शीड? आधीचं का पडलं? असंच गच्च होतं म्हणून. वाऱ्याला जायला वाट ठेवली नाहीस तर तो कुंपण घेऊन जाईल." दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायची, त्याने सांगितलं, वारा निघून जातो, खांब उभा राहतो. मी अंगणाच्या उताराला दोष देऊन पाहिला. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मग काय, उसवायला बसलो. उसवायची मला लाज नाही, आमच्या धंद्यात तो अर्धा धंदा आहे. पाच दिवस खिळे उपटले आणि सगळं पुन्हा ठोकलं, बोट मधे धरून. माझ्या डाव्या तर्जनीचा आता काटकोनात बसेल असा आकार झालाय.

फट ठेवल्यावर फळ्या पुरल्या, पुरून बावीस उरल्या. त्या वापरून त्या नऊ फुटांत मी दोन पल्ल्यांचं फाटक केलंय. शेवटच्या नऊ फुटांतलं ठोकलेलं कुंपण त्यासाठी पुन्हा काढलं, तेव्हा काटकोन घरी निघून गेला आणि दोन तासांनी राग गिळून परत आला. माझ्याकडे गाडी नाही, सायकल आहे आणि तीही फांदीखाली वाकलेली. गल्लीतल्या प्रत्येकाने थांबून विचारलं. कुणी म्हणालं नाकापेक्षा मोती जड. काटकोन म्हणाला, "फाटक काय वाढत्या अंगाचं शिवलंयस?" मी कुणाला उत्तर दिलं नाही. तुला देतो, पण त्याआधी खोक्याचं सांगायला हवं, आणि तेच माझ्याने सांगवत नाहीये.

तुझं खोकं मी अंगणात वापरलं. मी बुटका, खांबाच्या डोक्यापर्यंत हात पोचत नाही. खोकं दणकट, वर फळी टाकली की छान पाट व्हायचा. पंधरा दिवस मी त्यावर उभा राहून खिळे ठोकले. त्याच दिवसांत तुझा तिसरा फोन आला. मी खोक्यावर उभा होतो, तोंडात चार खिळे. तू विचारलंस, "बाबा, कुंपण कधी होईल?" मी खिळे बाजूला करून म्हटलं, होईल गं, तुला काय घाई? तू तुझ्या घरी सुखात आहेस, तुला कशाला या पसाऱ्याची चिंता? तू म्हणालीस, "बरं," आणि फोन कटला. मला वाटलं रेंज गेली. मी फोन खिशात टाकला आणि पुढची फळी घेतली.

परवा फळ्या उरल्या तेव्हा अंगण आवरायला घेतलं. खोकं उचललं, ते खालून भिजून कुजलेलं होतं. अंगणातून पायरीपर्यंत आणतोय तोवर तळ सुटला. तुझी शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची फाइल पडली. दोन स्वेटर पडले. तुझा आणि आईचा फोटो, चौकटीसकट, कागदात गुंडाळलेला. आणि मग बरणी. पायरीवर आपटली, फुटली, आणि सगळी बटणं अंगणभर पसरली.

ती बरणी मी कशी ओळखणार नाही? तीन वर्षांची असताना त्यातलं एक बटण तू नाकात घातलंस, डॉक्टरांनी चिमट्याने काढलं, आणि तेव्हापासून तू गुंडी. ताप आला की ती बरणी कुशीत घेऊन झोपायचीस. लग्न होऊन निघालीस तेव्हा मी विचारलं, माहेरचं काय नेतेस, तर दागिने राहिले बाजूला, तू माझ्या दुकानाच्या फळीवरून बरणी उचललीस आणि म्हणालीस, "ही जिथे असेल तिथे माझं घर." मी चिखलात गुडघ्यांवर बसून बटणं वेचत होतो आणि मला आधी वाटलं की खिळे नव्हते तर. खरं सांगतो, पहिला विचार तोच आला. काटकोनला सांगायला वळलोही. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. दाखले कुणी वादळग्रस्त बापाला पाठवतं का? मशीन कुणी 'सहज' बांधतं का? खोलीचं दार लागतं का, कपाट रिकामं आहे का, पोती कधी हलणार, कुंपण कधी होणार. तू महिनाभर मला एकच गोष्ट विचारत होतीस आणि मी तुला सिमेंटचे उतार सांगत होतो. तुझी आई असती तर 'खोलीत पाणी आलं का' म्हणताक्षणी तिने चप्पल घातली असती आणि गाडी पकडून तुझ्याकडे आली असती.

मला अजूनही सगळं कळलेलं नाही. काय झालं, किती दिवसांपासून, कुणाचं चुकलं, काही काही माहीत नाही. गेल्या वर्षी तू दोन दिवस आली होतीस, तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी सांगायला लागली होतीस आणि मी म्हटलं होतं, भांड्याला भांडं लागतंच. तू भांडी पुसायला लागलीस. म्हणी माझ्या जिभेवर तयारच असतात, ऐकायची वेळ आली की मी म्हण लावून मोकळा होतो. आता रोज तेवढंच आठवतं, तू एकच ताट कितीतरी वेळ पुसत होतीस. मला माफ कर. जावयांशी बोलू का नको, भांडू का नको, तुला फोन करू का थेट येऊन उभा राहू, डोक्याचा नुसता गुंता झालाय. आणि मी हे सगळं चुकीचं समजत असेन, तू फक्त घर आवरत असशील, तर पोट धरून हस आणि पत्र फाडून टाक. मला फार आनंद होईल. पण मला तसं वाटत नाही.

काटकोनला मी काही सांगितलं नाही. तो बटणं वेचू लागला, कंबर धरून. मग म्हणाला, "पोरीच्या खोलीतली पोती आज हलवू." मी म्हटलं, तुझी कंबर? तो म्हणाला, कंबर गेली खड्ड्यात. पोती आता शेडमध्ये आहेत, पत्र्याखाली. खोली धुतली, पलंग उन्हात टाकला. दार खाली घासत होतं, ते त्याने रंधून दिलं, आता एका बोटाने लागतं. आतून कडीही बसवलीय. फाटकासाठी कुंपण काढलं त्याच्या फळ्या उरल्या होत्या, त्यांचं खिडकीशी एक लांब टेबल केलंय, मशीनशेजारी कापड पसरता यावं म्हणून. बटणं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून त्यावर ठेवलीत. धुतली आहेत, तरी थोडा वास येईल.

आता फाटकाचं कारण. परवाच मी टेप घेऊन चौकात गेलो, जिथे सामान वाहणारे टेम्पो उभे असतात. एका टेम्पोची रुंदी मोजायला लागलो, तर ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाडीला सदरा शिवताय का?" मी म्हटलं, हो. आरशांसकट सात फूट भरला, वर दोन्ही बाजूंना फूटभर जागा ठेवली, म्हणजे मागे घेताना घासणार नाही. कुंपण झालं गं. तू विचारलं होतंस ना कधी होईल, तर ते झालं, आणि त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलं. तू कधीही ये. सकाळी ये, भर दुपारी ये, आधी कळवून ये किंवा न कळवता ये. कारण सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर कुणी विचारणार नाही. काटकोनने विचारलं तर मी त्याची खुर्ची काढून घेईन. कपाट, पलंग, काय असेल ते सगळं आण, काही मागे सोडू नकोस. मशीनचं हेड वेगळं बांध, आणि टेम्पोवाल्याला सांग, गाडी थेट पायरीपर्यंत मागे घे, डावीकडे फक्त लिंब सांभाळ.

तुझाच,
बाबा